मंगल म्हटल्याशिवाय

बेंगळूर, १८ नोव्हेंबर

भागवतण्णा, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज आता परत यायचा नाही, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि सुपारीला कोळेरोग लागला त्यावर दीड पान लिहिलंत. ही तुमची जुनी खोड. रंगावर गातानाही असंच करायचात. राणीचा नवरा मेला की एक ओळ, आणि वनातल्या मोरांवर पाऊण तास. मी बिचारा विधवा होऊन मोर बघत उभा.

फोन कर म्हणून लिहिलंय. नाही करणार. मी बोलणार आणि पलीकडून नुसता तुमचा श्वास येणार. तुम्ही भागवत, तुम्ही गायचं आणि मी नाचायचं, असा आपला जन्म गेला. नुसता श्वास ऐकायला मला जमायचं नाही, मारायरे. पत्रच बरं. तुम्हालाही तेवढाच उद्योग.

इथे माझं झकास चाललंय. यक्षगान अकादमी म्हणजे मी समजलो होतो दोन खोल्या आणि एक चटई. पण काय थाट! दारात संगमरवर, वर झुंबरं, आत पाऊल टाकलं की गुलाबपाण्याचा वास. येणारा-जाणारा हात जोडतो, फोटो काढून घेतो. आणि जेवणाचं तर विचारूच नका. रोज पुरणाची होळिगे! रोज दोन तऱ्हेचं पायस! मेळ्यात गावोगाव हिंडताना उकड्या तांदळाचा भात आणि पातळ सार यांवर तुम्ही-आम्ही राजा-राणी होत होतो. आता वाटतं, कुठे होती ही अकादमी इतकी वर्षं? फक्त उभं राहून पाय दुखतात. म्हणजे शिकवताना उभं राहावं लागतं ना, म्हणून.

मेळ्याच्या मालकांनी मला काढलं असं कुणी तुमच्या कानावर घातलं असेल तर विश्वास ठेवू नका. मीच सोडला. अठ्ठावन्नाव्या वर्षी किती दिवस सोळा वर्षांची राजकन्या व्हायचं? माणसानं आपणहून उठावं, पान ओढून घ्यायची वेळ आणू नये.

उत्तर कुंदापूरला माझ्या भाच्याच्या, दामोदरच्या सायकल दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. तो इकडे पाठवील. इथल्या पोस्टमनचा भरवसा नाही.

तुमचा
सुब्राय


बेंगळूर, २० डिसेंबर

भागवतण्णा,

तुमचं पत्र आलं.

सिंचना शिवरात्रीला रंगावर उभी राहणार, तीही आपल्या कनकरेखा राणीच्या वेषात! परवापर्यंत चेंडेवाल्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची ती पोर. चेंडे वाजत असताना झोपायची आणि थांबले की जागी व्हायची. तुमचा जीव वाचला म्हणून घरच्यांनी देवळापुढे नवसाचा खेळ बोलला, हे ठीक. नात राणी करणार, हेही ठीक. पण पुढे जे लिहिलंत ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवून दिलं.

‘ओड्डोलग तुझ्या पायात आणि माझ्या गळ्यात होतं. गळा गेला. पाय राहिलेत. तिला शिकव.’

अण्णा, हल्ली ओड्डोलगाचा तो सावकाश प्रवेश कोण बघतो? पडदा धरलाय, त्याच्या खालून आधी राणीचे पाय दिसताहेत, मग वरून बोटं, मग वेणी, आणि तोंड सगळ्यात शेवटी, एवढा धीर कुणाला आहे? हल्लीची राणी बस पकडल्यासारखी थेट रंगात येते. तशीच येऊ दे सिंचनालाही. पोरगी देखणी आहे, गाते, लोक टाळ्या वाजवतील.

शिवाय इकडे ते जमायचं नाही. अकादमी मुलींना घेत नाही. आणि वसतिगृह भरलंय. आणि सध्या तर महिनाभर बंदच आहे, संक्रांत झाली की उघडेल. तोपर्यंत मीच इथे तिथे करून दिवस काढतोय. तिला पाठवलीत तर राहील कुठे?

आणि खरं सांगू? बाईनं बाईचं सोंग काढायचं यात कसब ते काय? आम्ही दाढी घोटून, छातीला चिंध्या बांधून, आरशापुढे बसून बसून बाई झालो. तिला ते आयतं मिळालंय.

रागावू नका. तुमच्यावर पथ्याची कषायं चालू आहेत, रागानं जखम उकलेल.

सुब्राय


कुंदापूर, ६ जानेवारी

अण्णा,

वर कुंदापूर लिहिलंय. बघा.

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘सुब्राय, धनुर्मासात शाळा बंद ठेवत नाहीत रे, लग्नाचे हॉल बंद ठेवतात.’

बंद पाकिटात घालायचंत तरी. उघडं कार्ड ते, पोस्टात सगळ्यांनी वाचलं असणार. दामोदरनं वाचलंच. मला वाटलं हसेल. हसला नाही. कार्ड माझ्या हातात दिलं आणि खाली जाऊन पंक्चर काढत बसला. त्यापेक्षा हसला असता तर बरं होतं.

मुहूर्त नाहीत म्हणून अकादमीला सुट्टी! लिहिताना माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही बघा. ताकाला गेलो आणि भांडं लपवलं, तेही पाठीमागे, सगळ्या गावाला दिसेल असं. आणि रोजची होळिगे! तुम्ही नोव्हेंबरातच ओळखलं असणार. ओळखून गप्प बसलात. बसलात तर बसलात, पण मग सिंचनाचं कशाला विचारलंत? मला आपणहून खरं सांगायची संधी देत होतात. मी काय केलं? वसतिगृह भरलंय म्हणालो.

बेंगळूरला मी गेलेलोच नाही. दामोदरच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. पत्रं बेंगळूरच्या बसच्या क्लीनरकडे द्यायचो, तिकडे पेटीत टाक म्हणून. मे महिन्यात मालकांनी बोलावून सांगितलं, ‘सुब्राय, पुढच्या हंगामात राणीची सासू कर.’ मी म्हटलं करतो. हंगाम उभा राहिला तेव्हा सासूही दुसराच कुणी झाला होता. मी मेळा सोडला ही गोष्टच खोटी. मेळ्यानं मला सोडलं, आणि मी उतरलोय हे न बघताच गाडी निघाली.

आता काय करतो ते ऐका. एकदाच लिहीन.

रोशन म्हणून एक पोरगा आहे, लग्नांना शोभा पुरवतो. फुलांची कमान, धूर सोडायचं यंत्र, आणि दाराशी दोन यक्षगानाचे वेष. एका बाजूला राजा, एका बाजूला राणी. राजा म्हणजे लॉरेन्स. दिवसा रिक्षा चालवतो, जन्मात कधी नाचला नाही. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं, ‘अंकल, राजानं काय करायचं?’ मी म्हटलं, ‘काही नाही बाबा, हल्लीचे राजे काही करत नाहीत.’ राणी म्हणजे मी. हातात गुलाबदाणी. आलेल्यांवर शिंपडायचं, हसायचं, उभं राहायचं.

आणि नाचायचं नाही, अण्णा. पहिल्याच लग्नात सनई-चौघडा ऐकून माझा पाय जरा हलला, गिरकीसुद्धा नव्हे, नुसता हलला. तर रोशन धावत आला. ‘अंकल, डान्स नको. लोक अडकतात, मागे रांग होते. फक्त स्माईल.’ जन्मभर नाचल्याचे पैसे घेतले. आता न नाचल्याचे घेतो. म्हातारी माणसं येतात, मला बघून नमस्कार करतात, त्यांना वाटतं देवाचा वेष आहे. पोरं येतात, कमरेत हात घालून फोटो काढतात. एकानं हनुवटी धरली. मी हसलो. हसायचेच पैसे आहेत.

साडी रोशनची, वेणी रोशनची. चाळ तेवढे माझे. आपल्या गुरूंनी माझ्या पायात बांधले तेच. तुम्ही म्हणाल, उभं राहायचं तर चाळ कशाला? तुम्हाला खोटं वाटेल, पण चाळ न बांधता आरशात बघितलं तर साडी नेसलेला एक म्हातारा दिसतो. बांधले की राणी दिसते. एवढ्यासाठी.

आणि आता ज्याची खरी लाज आहे ते. बांधताना गणपतीला नमस्कार, सोडताना मंगल. भागवतानं शेवटचं मंगल म्हटल्याशिवाय चाळ सोडायचे नाहीत. ‘नाहीतर प्रेताच्या पायातले काढल्यासारखे होतात,’ हे गुरूंचे शब्द. तुम्ही तापानं फणफणलेले असतानाही मंगल म्हटलेलं मला आठवतं, कारण मी चाळ घालून ताटकळत बसलो होतो. इथे मंगल कोण म्हणणार? पहिल्या दिवशी जनरेटरच्या खोलीत मीच पुटपुटलो. दुसऱ्या दिवशी लॉरेन्सला घाई होती. मग सुटलंच. बांधतो, उभा राहतो, सोडतो. चपला काढाव्यात तसे.

असल्या हातांनी मी तुमच्या नातीच्या पायात चाळ बांधू? होन्नावरला राणी करणारा तो नवा पोरगा आहे, त्याला बोलवा. त्याला ओड्डोलग येत नाही, पण त्याचे हात स्वच्छ आहेत.

बाईनं बाईचं सोंग काढण्याबद्दल मी जे लिहिलं ते पुसून टाका. जळफळाट होता तो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, माझ्या वाट्याला तर अंगणच उरलं नव्हतं.

सिंचनाला यातलं काही सांगू नका. पाया पडतो.

सुब्राय


कुंदापूर, ३० जानेवारी

अण्णा,

सिंचनानं घरी येऊन सांगितलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐका.

काल इथल्या मोठ्या हॉलमध्ये लग्न होतं. नवरी सिंचनाच्या कॉलेजातली मैत्रीण, हे मला काय ठाऊक. सकाळच्या मुहूर्ताची माणसं लोटत होती. मी गुलाबपाणी शिंपडतोय, हसतोय. चार पोरी आल्या, त्यातली एक थांबली. निळी साडी, खांद्याला पर्स. मी तिच्यावर पाणी शिंपडलं आणि मग तोंडाकडे बघितलं.

‘सुब्रायमामा?’

मी काय म्हणालो माहिती आहे? राणीच्या बारीक आवाजात म्हणालो, ‘या, या, जेवण खालच्या मजल्यावर आहे.’

तिला वाटलं मी थट्टा करतोय. हसली. वाकून पाया पडायला लागली. मी पाय मागे घेतला, अण्णा. तिचा हात संगमरवरावर टेकला. मी तिच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसांकडे बघून पाणी शिंपडत राहिलो. लॉरेन्सनं विचारलं, ‘अंकल, ओळखीची का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ती खालीच वाकलेली होती. तिनं ऐकलं.

दुसरी कुणी असती तर रडत आत गेली असती. ही तुमची नात. उठली, बाजूच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली. मैत्रिणी हाका मारत होत्या, तिनं हातानं पुढे व्हा म्हटलं. मग पर्स काखेत दाबली आणि मांडीवर हळूहळू ठेका धरला. मी ओळखला. आणि तिनं ओड्डोलगाचं पद सुरू केलं.

मोठ्यानं नाही. मला ऐकू येईल एवढंच. पण अण्णा, तुमचा आवाज! दुसऱ्या ओळीला तुम्ही श्वास घ्यायला थांबायचात, नको तिथे, मी कितीदा भांडलो त्यावरून, तर तीही तिथेच थांबली. आवाज गेला म्हणून मी दोन-अडीच महिने मनातल्या मनात सुतक धरून बसलो होतो, आणि तो माझ्यापुढे निळी साडी नेसून उभा.

डावी टाच उचलली गेली. मी उचलली नाही, तिची ती उठली. चाळ एकदाच वाजले. सिंचनाच्या डोळ्यात मी बघितलं, तिला ते दिसलं.

तेवढ्यात रोशन ओरडला, ‘अंकल, एंट्रन्स!’

मी टाच खाली ठेवली.

ती गातच होती. जिथे राणी पडदा बाजूला सारून पहिल्यांदा तोंड दाखवते, त्या जागी आली. तुम्ही तिथे ओळ धरून ठेवायचात, मी येईपर्यंत. कधी मी मुद्दाम उशीर करायचो, तुमची मजा बघायला. तुम्ही सोडायचा नाहीत. तिनंही ओळ धरली. धरून ठेवली. माणसं दोघांच्या मधून जात होती, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात आहेराची पाकिटं. ती माझी वाट बघत होती आणि मी हललो नाही.

भीती कसली होती? रोशन काढून टाकील याची? दुपारच्या जेवणाची? मी रात्रभर विचार केला. त्यातलं काहीच नाही. वाटलं, आत्ता नाचलो तर या पोरीला कळेल की नाच माझ्यात अजून आहे, आणि असूनही मी इथे उभा आहे. नसता तर निदान दया आली असती.

एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली, राणीबरोबर फोटो हवा म्हणाली. मी हसलो. फोटो निघाला. मान वळवली तर खांबापाशी कुणी नव्हतं.

नंतर जनरेटरच्या खोलीत चाळ सोडायला बसलो. गाठीला हात लावला आणि हात तिथून परत आला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. लॉरेन्स म्हणाला, ‘अंकल, पाय सुजलाय का? मी सोडू?’ मी त्याच्यावर ओरडलो. बिचाऱ्याचा काय दोष.

तसाच घरी आलो. लिहितोय तेव्हाही ते पायातच आहेत.

सुब्राय


कुंदापूर, ४ फेब्रुवारी

भागवतण्णा,

तुमचं पाकीट आज सकाळी मिळालं. या खेपेला पाकीट, आभारी आहे.

आधी इथली हकीकत. परवा एक लग्न होतं, त्यालाही मी गेलो. खोटं बोलायचं सोडलंय म्हणून सांगतो. सिंचनाला तोंडघशी पाडल्यावरही गेलो, गुलाबपाणी शिंपडलं, हसलो, होळिगे खाल्ली. लाज ही एका दिवसात माणसाला सुधारते असं तुमच्या पदांतून होतं, माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. फक्त चाळ सुटले नाहीत. आंघोळ चाळ घालून. झोप चाळ घालून. कूस बदलली की वाजतात. दामोदरची बायको काल हळूच म्हणाली, ‘मामा, शेजारी विचारतात, वर कोण बाई आणून ठेवलीय?’ मी म्हटलं, ‘सांग त्यांना, राणी आहे, पण राज्य गेलंय.’ ती हसली, मग डोळे पुसायला लागली. मी जिन्यावरून वर आलो, वाजत वाजत.

लॉरेन्सला सगळं सांगितलं. मंगल म्हणजे काय, ते कुणी म्हणायचं. तो जरा विचार करून म्हणाला, ‘अंकल, चर्चमधलं एक येतं मला, शेवटी म्हणतात ते. चालेल का?’ राजा आहे तो, अण्णा. मी उगाच त्याला हसत होतो.

आता तुमचं पत्र. सिंचनानं घरी येऊन काय सांगितलं ते तुम्ही लिहिलंत. ‘दाराशी एक बाहुली उभी केली होती, सुब्रायमामा तिथे नव्हता.’ एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली, असं लिहिलंय.

हे वाक्य मी सकाळपासून घोळवतोय. ती माझी लाज झाकतेय, की मला ओळखच देत नाही? मी तिला ‘नाही’ म्हटलं, आता ती मला ‘नव्हता’ म्हणतेय. फिटंफाट. की तिला खरंच वाटतं की सुब्रायमामा दुसरीकडे कुठेतरी आहे, अजून धड आहे, आणि बोलावलं तर येईल? मला हे कळत नाही. दोन्ही असेल. दोन्ही असेल तर मी मेल्याहून मेल्यासारखा आहे, कारण नाकारलं जाण्याची मला सवय आहे, बोलावलं जाण्याची नाही.

आणि खाली तुमची ती एक ओळ. ‘होन्नावरच्या पोराला बोलावणार नाही. लाज तुझ्याजवळ ठेव, पाय घेऊन ये.’

तुम्ही गायचं सोडलंत तरी ताल सोडला नाहीत. बरोबर समेवर मारलंत.

मी येतोय. उद्या सकाळच्या गाडीनं. हे पत्र आजच्या होन्नावरच्या बसच्या क्लीनरकडे देतोय, म्हणजे माझ्याआधी पोचेल. रोशनला निरोप दिला, त्यानं शिव्या दिल्या, त्याच्या बाजूनं बरोबर आहे, शुक्रवारी त्याची मोठी पार्टी आहे. साडी-वेणी धुऊन परत केली. लॉरेन्स म्हणाला बसस्टँडपर्यंत रिक्षानं सोडतो, पैसे नको. म्हणाला, ‘राणी जाते तेव्हा राजानं एवढं तरी करायचं असतं ना, अंकल?’ मी म्हटलं, ‘हो बाबा, एवढं करतात.’

ओड्डोलग शिवरात्रीच्या आत तिच्या पायात बसेल की नाही, सांगता येत नाही. मला शिकायला दोन पावसाळे लागले आणि गुरूंच्या दोन काठ्या मोडल्या. पण तिला पद येतं. ज्याला पद येतं त्याच्या पायांना अर्धं आधीच ठाऊक असतं, हे तुम्हीच म्हणायचात आणि मी तुम्हाला चिडवायचो की भागवतांना आपलंच कौतुक. बसेल. मी बसवीन. गुडघे साथ देत नाहीत तिथे बसून दाखवीन. माझ्यावर राग धरूनच शिकली तरी चालेल. रागानं टाच चांगली आपटते.

पण त्याआधी एक व्हायला हवं, आणि ते माझ्या हातात नाही. हे चाळ मी सोडणार नाही. गुरूंचे आहेत, मंगल म्हटल्याशिवाय आता सुटायचे नाहीत. मी इतके दिवस चपलांसारखे काढले, ते सगळे खेळ अर्धेच राहिलेत. तुमच्याच्यानं आता मंगल होणार नाही. सिंचनाला येतं. तुमच्या अंगणात ती म्हणेल, मी खाली बसून सोडीन, आणि तेच तिच्या पायात बांधीन. हात स्वच्छ नाहीत माझे. पण चाळ तोवर झालेले असतील.

ती नाही म्हणाली तर? म्हणू शकते. तिचा हक्क आहे. मग मी पायरीशी बसून राहीन, चाळ घालून, पोफळीखाली. मला जेवायला वाढू नका, एवढ्या लवकर अन्न गिळायचं नाही. कषाय द्या थोडा.

चाळ पायात घालून बसमध्ये बसायचं म्हणजे काय होईल ते दिसतंच आहे. वर धोतर, खाली छुम छुम. कंडक्टर बघेल, पोरं हसतील, कुणीतरी ओळखीचा निघेल आणि विचारेल, ‘काय हो, आज खेळ कुठे?’ मी सांगेन. गाव सांगेन, घर सांगेन, भागवतांचं नाव सांगेन. यापुढे पत्ता लपवायचा नाही.

होन्नावरहून तुमच्या फाट्यावर उतरेन आणि तिथून बागेच्या वाटेनं चालत. अण्णा, ओड्डोलगात आधी पाय येतात, तोंड सगळ्यात शेवटी. तसाच येईन. तुमचा गळा गेलाय, कान शाबूत आहेत. ओढ्यावरच्या साकवापाशी आलो की तुम्हाला वाजायला लागेल. तेव्हा फाटक उघडायला सिंचनाला पाठवा. तिनं नाही उघडलं तरी चालेल, पण तिलाच पाठवा.

तुमचा
सुब्राय